सिल्कस्क्रीन प्रिंट घ्यायची आहे? आधी सराफ बाजारातून भिंग आणा

गेल्या दिवाळीत आमचे मेहुणे घरी आले. हॉलमधल्या चित्राकडे बघून मनापासून हसले, मग चष्मा कपाळावर चढवून चित्राखाली पेन्सिलने लिहिलेला आकडा वाचला. ३१/७५. म्हणाले, "पंच्याहत्तरपैकी एकतीस? काठावर पास की हो!"

ते चित्र म्हणजे एका व्यंगचित्रकाराच्या पेंटिंगची सिल्कस्क्रीन प्रिंट आहे. आकड्याचा अर्थ इतकाच, की अशा पंच्याहत्तर प्रती निघाल्या आणि त्यातली ही एकतिसावी. मेहुण्यांना हे सांगायला अर्धा मिनिट पुरला. पण समोरची प्रिंट खरंच सिल्कस्क्रीन आहे का, नीट छापली आहे का आणि मागितलेल्या पैशांच्या लायकीची आहे का, हे ओळखायला शिकताना माझी तीन वर्षं गेली आणि एकदा चांगला फसलोही. नाशिकमध्ये राहून हा नाद सुरू करणाऱ्याला निदान तेवढा फटका बसू नये, म्हणून मी जे ज्या क्रमाने करायला हवं होतं, त्या क्रमाने लिहितो.

चित्रकार कोण हे सगळेच विचारतात. छापलं कोणी, हे फारसं कोणी विचारत नाही. सिल्कस्क्रीनमध्ये निम्मं चित्र छापणाऱ्याच्या हातात असतं, आणि पुढचं सगळं लिहिणं फिरून फिरून त्याच्यापाशीच येणार आहे.

पहिलं काम: पत्रिका छापणाऱ्याकडे जाऊन बसा

गॅलरीत नंतर जा. रविवार कारंजा ते भद्रकाली या पट्ट्यातल्या एखाद्या बोळात लग्नपत्रिका स्क्रीनवर छापणारा माणूस शोधा. ऑफसेट आणि डिजिटलमुळे हे काम कमी झालंय, पण सोनेरी शाईचा गणपती आणि कापडी पिशवीवरचं नाव अजून स्क्रीनवरच छान उठतं. सातपूर-अंबडच्या एमआयडीसीत कंट्रोल पॅनलच्या पट्ट्या छापणारेही हेच तंत्र वापरतात. दुपारी काम थंड असताना जा, सोबत चहा सांगा.

मी गेलो तेव्हा काका पिशव्या छापत होते. लाकडी चौकटीवर ताणून बसवलेलं बारीक जाळीचं कापड. पूर्वी ते रेशमाचं असायचं, म्हणून नाव सिल्कस्क्रीन. आता पॉलिस्टर असतं. त्यावर प्रकाशाने घट्ट होणारं इमल्शन चोपडतात, अंधाऱ्या जागेत वाळवतात, वर चित्राची फिल्म ठेवून प्रकाश देतात. फिल्मवर जिथे काळं आहे तिथे प्रकाश पोचत नाही, इमल्शन कच्चं राहतं आणि पाण्याने धुतलं की निघून जातं. तेवढीच जाळी उघडी राहते. मग कागदावर चौकट टेकवायची, एका कडेला शाई ओतायची आणि रबराच्या पट्टीने, म्हणजे स्क्वीजीने, ती एका दमात ओढायची. चौकट उचलताना कापड शाईपासून सुटतं तेव्हा हलका चर्र आवाज येतो. तो आवाज ऐकून घ्या.

एका स्क्रीनमधून एकच रंग. दुसऱ्या रंगाला दुसरा स्क्रीन, आणि तोही पहिल्या रंगाच्या बरोब्बर जागी बसला पाहिजे. याला ते लोक सेटिंग म्हणतात. मी विचारलं, "काका, अवघड काय यात?" ते म्हणाले, "शाई काय, कोणी पण ओढंल. सेटिंग बसवून दाखवा."

आता हिशोब करा. पत्रिकेला दोन रंग. एखाद्या व्यंगचित्रकाराने कॅनव्हासवर मोकळ्या हाताने रंगवलेलं बाजाराचं दृश्य सिल्कस्क्रीनमध्ये आणायचं, तर वीस-तीस रंगही लागू शकतात. म्हणजे प्रत्येक कागद वीस-तीस वेळा टेबलावर येणार, दर वेळी वाळणार, आणि दर वेळी कणभर सरकायची संधी मिळणार. पंच्याहत्तर प्रती हव्या असतील तर वरती बरेच कागद जास्तीचे घ्यावे लागतात, कारण वाया जाणारच. दर का चढा असतो हे त्या बोळात उभं राहिल्यावर आपोआप कळतं.

तसं छपाई ही नाशिकला परकी गोष्ट नाही. नाशिकरोडला नोटा आणि पोस्टाची तिकिटं छापणारे कारखाने शंभरेक वर्षांपासून आहेत. १८७० साली त्र्यंबकेश्वरला जन्मलेले दादासाहेब फाळके सिनेमा काढण्याआधी छापखान्यातच होते. राजा रविवर्म्याच्या लिथो प्रेससाठी त्यांनी काम केलं होतं. जुन्या वाड्यांतल्या देवघरात रविवर्म्याची लक्ष्मी असते ती ओलिओग्राफ, म्हणजे दगडावरून छापलेली. ती सिल्कस्क्रीन म्हणून कोणी विकायला आलं तर चहा पाजून परत पाठवा.

व्यंगचित्रकाराचं पेंटिंग म्हणजे नक्की काय घेताय

व्यंगचित्र आणि व्यंगचित्रकाराचं पेंटिंग या दोन गोष्टी आहेत. रोजच्या अंकासाठी शाईने काढलेलं चित्र वेगळं, आणि त्याच माणसाने सवडीने, स्वतःसाठी रंगवलेलं वेगळं. आर. के. लक्ष्मण कॉमन मॅनसाठी प्रसिद्ध, पण त्यांनी कावळे किती जिव्हाळ्याने काढले! आपले दीनानाथ दलाल व्यंगचित्रकारही होते आणि पुरते चित्रकारही. अमेरिकेतले डॉ. सूस मुलांच्या पुस्तकांसाठी जगभर ओळखले जातात, पण खासगीत ते वर्षानुवर्षं रंगवत राहिले होते. १९९१ मध्ये ते गेले, आणि १९९७ पासून त्यांच्या वारसांच्या परवानगीने त्या चित्रांच्या मर्यादित आवृत्त्या निघू लागल्या. म्हणजे त्या प्रिंट्सवर त्यांच्या हातची पेन्सिलची सही असणं शक्यच नाही. नवख्याने ही तारखांची बेरीज-वजाबाकी आधी करावी. चित्रकार कधी गेला आणि आवृत्ती कधी निघाली, हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहून बघा. दहातल्या दोन-तीन भानगडी तिथेच उघड्या पडतात.

मग प्रश्न येतो रंग वेगळे कोणी केले याचा. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच. यात ढोबळमानाने तीन तऱ्हा दिसतात. काही व्यंगचित्रकार मुळात सिल्कस्क्रीन डोळ्यापुढे ठेवून चित्र करतात. सपाट रंग, वर काळी रेघ. बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकातली शि. द. फडणिसांची चित्रं आठवा. कमी रंग, स्वच्छ रेषा आणि शब्दाविना हसू. अशा घडणीचं चित्र या तंत्राला अंगाबरोबर शिवलेल्या सदऱ्यासारखं बसतं. दुसऱ्या तऱ्हेत पेंटिंग आधीच झालेलं असतं, आणि निष्णात छापणारा ते समोर ठेवून एकेका रंगाची फिल्म हाताने काढतो. इथला पिवळा तिथल्या पिवळ्याहून जरा मातकट आहे, मग त्याला वेगळा स्क्रीन. चित्रकार नमुने बघतो, नाही म्हणतो, पुन्हा बघतो आणि शेवटी एका नमुन्यावर "असंच छापा" म्हणून शेरा मारतो. तिसरी तऱ्हा म्हणजे पेंटिंगचा फोटो काढून, कॉम्प्युटरवर रंग पाडून उरकलेलं काम. तेही सिल्कस्क्रीनच, खोटं काही नाही. पण ब्रशचा फटकारा त्यात बहुधा चपटा होतो, आणि व्यंगचित्रकाराची गंमत तर फटकाऱ्यातच असते.

मला दुसरी तऱ्हा आवडते. तुम्हाला पहिली आवडेल कदाचित, आणि ती बहुतेक वेळा स्वस्तही पडते. तिसरीला पहिल्या दोघींचा भाव देऊ नका.

भिंग

सराफ बाजारात सोनारांची अवजारं विकणाऱ्या दुकानात जा आणि दहापट मोठं दाखवणारं घडीचं भिंग मागा. हिरे-खडे बघतात ते. दुकानदार तुम्हाला सोनार समजून दर सांगेल, हरकत नाही. जोराच्या पावसात मात्र जाऊ नका. त्या भागात पाणी भरतं हे नाशिककराला सांगायला नको.

घरी येऊन तीन वस्तू शेजारी ठेवा: दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ, कॉम्प्युटरच्या इंकजेट प्रिंटरवर काढलेला फोटो आणि पत्रिकावाल्या काकांकडून आणलेली स्क्रीनची पत्रिका. मुखपृष्ठावर भिंग धरलंत की निळे, गुलाबी, पिवळे, काळे ठिपके दिसतील, लहान फुलासारख्या गोल रांगोळीत मांडलेले. ही ऑफसेटची खूण. इंकजेटमध्ये रांगोळी नसते; बारीक तुषार उडाल्यासारखे विस्कटलेले कण असतात. आर्ट प्रिंटच्या बाजारात याला जिक्ले म्हणतात. नाव फ्रेंच, यंत्र मात्र इंकजेटच. चांगल्या कागदावरचं जिक्लेही टिकाऊ असतं, फक्त त्याला सिल्कस्क्रीन म्हणू नये. आणि पत्रिकेवर? सलग रंग. ठिपका नाही, तुषार नाही. अक्षराच्या कडेला अगदी बारकाईने बघितलं तर करवतीच्या दातांसारखी किंचित दातेरी कड दिसते. ती जाळीची खूण.

या तिन्ही वस्तूंवर आठवडाभर डोळा बसवा. मग प्रिंट बघायला जा.

प्रिंट बघताना आधी ती हातात आडवी धरा आणि खिडकीचा प्रकाश कडेने येऊ द्या. सिल्कस्क्रीनची शाई कागदावर बसते, मुरत नाही, म्हणून रंगाचा थर अंगचा दिसतो. दोन रंग एकमेकांवर चढले असतील तिथे पायरी कळते. शंभराच्या किंवा पाचशेच्या कोऱ्या नोटेवर गांधीजींच्या चित्रावरून बोट फिरवलं की उठाव लागतो ना? नोटेचं तंत्र वेगळं आहे, पण उठावदार शाई डोळ्याने आणि बोटाने कशी ओळखायची याचा सराव तिच्यावर फुकटात होतो. प्रिंटवर मात्र बोट फिरवू नका, विकणारा ओरडेल आणि त्याचं बरोबर असेल.

मग भिंग काळ्या रेघेच्या कडेवर न्या. माझ्या ३१ नंबरमध्ये एका जाड्या शेठजींच्या धोतराच्या काठाला काळ्या रेघेखालून पिवळा रंग केसभर बाहेर डोकावतो. बाकी कुठेच नाही, फक्त तिथे. त्या प्रतीला त्या एका रंगाचं सेटिंग कणभर हललं. मला तो दोष वाटत नाही. उलट तो पिवळा बघितला की कोणीतरी त्या दिवशी उभं राहून हे छापलं हे पटतं. पण चेहऱ्यावर, डोळ्याच्या बुबुळावर असं सरकलं असेल तर प्रत घेऊ नका. व्यंगचित्रात बुबुळ अर्धा मिलिमीटर हललं की रागावलेला माणूस झोपाळू दिसतो.

एक अपवाद लक्षात ठेवा. काही सिल्कस्क्रीनमध्ये मुद्दाम ठिपके घेतलेले असतात. अमेरिकी चित्रकार अँडी वॉरहॉलने १९६२ पासून फोटो स्क्रीनवर आणले ते असेच. तिथे ठिपके असले तरी एकाच सलग रंगाचे असतात. चार रंगांची रांगोळी दिसली तरच शंका घ्या.

आता माझी फसवणूक. एका प्रदर्शनात "मर्यादित आवृत्ती, सिल्कस्क्रीन, ४३/१००" अशी चिठ्ठी लावलेलं चित्र होतं. घाटावर धोब्याच्या गाढवावर बसून मोबाइल बघणारा साधू, बघताक्षणी आवडला. पेन्सिलची सही, आकडा, सगळं जागच्या जागी. साडेआठ हजार दिले. भिंग घरी आलं ते नंतर, सहा महिन्यांनी. साधूच्या दाढीत रांगोळीच रांगोळी. फोन केला तर विकणारा शांतपणे म्हणाला, "सर, सही तर ओरिजिनल आहे ना?" होती. चित्रकाराने शंभर ऑफसेट पोस्टरांवर सह्या केल्या होत्या, आणि चिठ्ठी कोणी लिहिली याची जबाबदारी कोणाचीच नव्हती. बिलावर फक्त "आर्ट प्रिंट" होतं. साधू आजही माझ्याकडे आहे, कपाटाच्या मागे.

आकडे आणि सही

प्रथा अशी, की चित्राखाली डावीकडे आकडा, उजवीकडे सही, मध्ये असलं तर शीर्षक, सगळं पेन्सिलने. पेन्सिल अशासाठी, की ती छापता येत नाही अशी समजूत आहे; खरं तर छापता येते, म्हणून सहीवरही भिंग धरा. खऱ्या पेन्सिलच्या रेघेत ग्रॅफाइटची चकाकी असते आणि कागदाच्या रव्यावर ती तुटक बसते.

लहान आकडा म्हणजे चांगली प्रत, ही समजूत धातूच्या पत्र्यावरून छापायच्या तंत्रातून आली. तिथे पत्रा झिजतो, त्यामुळे आधीच्या प्रती तजेलदार येतात. स्क्रीनला तसं फारसं होत नाही. शिवाय वीस रंगांत कागदांचा गठ्ठा इतक्या वेळा वरखाली होतो, की नंबर एक ही पहिली छापलेली प्रत असेलच असं नाही. १/७५ साठी जास्त पैसे मागितले तर हसून पुढच्या प्रतीकडे वळा.

आकड्याऐवजी ए.पी. असेल तर ती चित्रकाराची स्वतःची प्रत, पी.पी. म्हणजे छापणाऱ्याची, एच.सी. म्हणजे विक्रीसाठी नसलेली, जी पुढे हमखास विक्रीला येते. ए.पी. साधारणपणे आवृत्तीच्या दहा टक्क्यांच्या आसपास असाव्यात असा संकेत आहे. पंच्याहत्तरच्या आवृत्तीला तीस ए.पी. निघाल्या असतील तर "मर्यादित" शब्दाला अर्थ उरत नाही. म्हणून विचारताना "एकूण किती कागदांवर हे चित्र आहे?" असंच विचारा. ए.पी., रोमन आकड्यांची वेगळी आवृत्ती, दुसऱ्या आकारातली आवृत्ती, सगळं धरून. आवृत्ती संपल्यावर स्क्रीन धुऊन टाकले का, हेही.

सही हा पुरावा म्हणून किती लंगडा असू शकतो याचं उदाहरण स्पॅनिश चित्रकार साल्वादोर दालीने घालून दिलंय. त्याने हजारो कोऱ्या कागदांवर सह्या करून ठेवल्या होत्या. पुढे त्यावर काय काय छापलं गेलं हे त्यालाही सांगता आलं नसतं. कागदाच्या एखाद्या कोपऱ्यात शाईविना दाबून उठवलेला छाप दिसला तर तो प्रेसचा असतो. तो दिसला की मला सहीपेक्षा जास्त आनंद होतो. प्रेस कळली की फोन करून विचारता येतं: हे तुम्ही छापलंत का, किती रंगांत, कुठल्या साली, रंग कोणी वेगळे केले.

कुठे शोधायचं

नाशिकमध्ये प्रदर्शनं होतात, चित्रकारही पुष्कळ आहेत, पण मर्यादित आवृत्त्यांचा कायमचा बाजार इथे नाही. सकाळची पंचवटी एक्स्प्रेस धरा, मुंबईला उतरून चालत काळा घोडा गाठा. जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ पासून तिथे आहे. तिच्या आसपासच्या गॅलऱ्यांत प्रिंट्सचे गठ्ठे मागितले तर दाखवतात. पहिल्या फेरीला काही विकत घ्यायचं नाही असं ठरवून जा, आणि परतीच्या गाडीत काय बघितलं ते लिहून काढा. सॅफ्रनआर्ट, अष्टगुरु, पंडोल्स या लिलावघरांच्या लिलावांत हुसेन, रझा या चित्रकारांचे सेरिग्राफ अधूनमधून येतात. सेरिग्राफ म्हणजे आपली सिल्कस्क्रीनच, जरा सूट घातलेली. जुन्या लिलावांचे भाव वेबसाइटवर बघत राहिलात तर बाजाराची नाडी कळते. बोलीच्या रकमेवर लिलावघराचं कमिशन आणि कर चढतात, हे मात्र आधी धरा.

गोव्याला गेलात तर तिथले व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा यांची चित्रं टाइलपासून मगपर्यंत सगळ्यांवर मिळतात. ती आनंदाने घ्या. फक्त मर्यादित आवृत्ती हवी असेल तर तशी स्पष्ट विचारून घ्या. उघड्या आवृत्तीचं पोस्टर किती छापायचं याला बंधन नसतं.

ऑनलाइन घेणार असाल तर मी विकणाऱ्याला असा मेसेज टाकतो, हवा तर जसाच्या तसा उचला (त्यातला जीएसएम म्हणजे कागदाचं दर चौरस मीटरला ग्रॅममधलं वजन):

"नमस्कार. या प्रिंटबद्दल थोडी माहिती हवी होती. छपाई कुठल्या प्रेसमध्ये आणि कुठल्या साली झाली? किती स्क्रीन वापरले? आवृत्ती किती आणि ए.पी. किती? कागद कुठला, किती जीएसएमचा? सही, आकडा, चारही कोपरे आणि मागची बाजू यांचे फोटो पाठवाल का? शिवाय चेहऱ्याच्या भागाचा अगदी जवळून एक फोटो. बिलावर 'सिल्कस्क्रीन, मर्यादित आवृत्ती' आणि प्रत क्रमांक लिहून मिळेल ना?"

शेवटचं वाक्य साडेआठ हजारांचं आहे. ज्याचा माल चोख आहे तो त्याच संध्याकाळी उत्तर देतो. "सर, एकदम ओरिजिनल पीस आहे, लवकर सांगा, दुसरी पार्टी लागलीय" असं उत्तर आलं तर दुसऱ्या पार्टीला शुभेच्छा द्या.

पैशांचं थोडक्यात. बजेट ठरवताना फ्रेमचा खर्च त्यातच धरा. बेताच्या किमतीच्या प्रिंटला चांगली फ्रेम प्रिंटइतकीच पडू शकते. आणि भाव वाढेल म्हणून घेऊ नका. द्राक्षबागेत घातलेला पैसा निदान हंगामाला दिसतो तरी.

कागद

मागची बाजू बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. तपकिरी पुटकुळ्यांसारखे डाग बहुधा बुरशीचे असतात, सेलोटेपचा पिवळा पट्टा कधीच निघत नाही, आणि कडा कापून लहान केल्या असतील तर किंमत निम्म्यावर आली समजा. कागद सुती लगद्याचा, आम्लविरहित, अडीचशे-तीनशे जीएसएमचा असला तर उत्तम. गुंडाळी करून नळीत आलेली प्रिंट लगेच उलटी गुंडाळू नका. दोन स्वच्छ कागदांमध्ये ठेवून वर सपाट पुस्तकं ठेवा आणि आठवडाभर विसरून जा. जाड थराची शाई वळवताना तडकते, म्हणून मोठी प्रिंट मी दोन पुठ्ठ्यांमध्ये सपाटच मागवतो. पंचवटी एक्स्प्रेसमध्ये ती वरच्या फळीवर ठेवायची नाही. कोणाची तरी बॅग येतेच.

फ्रेमवाल्याशी बोलताना

आपले फ्रेमवाले कामात तरबेज असतात, पण त्यांचा हात देवाच्या तसबिरींवर आणि लग्नाच्या फोटोंवर बसलेला असतो. फोटो हार्डबोर्डवर फेव्हिकॉलने चिकटवायचा, वर काच टेकवायची, मागे खिळे ठोकायचे. तसबीर त्याने मजबूत होते. प्रिंटची वाट लागते.

दुकानात मी समोर उभा राहून सांगतो. भाऊ, हे कशालाच चिकटवायचं नाही. वरच्या कडेला मागून दोन छोट्या बिजागऱ्या, जपानी कागदाच्या आणि गव्हाच्या खळीच्या, त्यावर चित्र नुसतं लोंबू द्यायचं. खळ मी घरून आणतो. दिवाळीच्या आकाशकंदिलाची खळ येते त्याला हेही येतं, फक्त मोरचूद घालायचं नाही. भोवतीचा माउंट, म्हणजे पुठ्ठ्याची चौकट, आणि मागचा पुठ्ठा आम्लविरहित हवा, आणि माउंटने सही-आकडा झाकायचा नाही. काच आणि चित्र यांच्यामध्ये माउंटच्या जाडीची फट हवीच हवी. माझ्या एका प्रिंटला ही फट नव्हती. दोन पावसाळे गेल्यावर काढायला गेलो तर लाल रंगाचा एक तुकडा काचेवरच राहिला. हवालदाराची टोपी होती ती.

परवडलं तर अतिनील किरण अडवणारी काच घ्या. न परवडली तर जागा नीट निवडा. कॉलेज रोड-गंगापूर रोडच्या फ्लॅटमधली पश्चिमेची भिंत एप्रिल-मेमध्ये दुपारी तापते आणि गुलाबी, पिवळे रंग तिथे आधी उडतात. पंचवटीतल्या जुन्या वाड्यात ऊन नसतं, पण भिंत ओल धरते. तिथे फ्रेमच्या मागे चारही कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावून भिंतीपासून बोटभर अंतर ठेवा.

पावसाळा आणि वही

जुलै ते सप्टेंबर हे खरे शत्रू. फ्रेम न केलेल्या प्रिंट्स सपाट, आम्लविरहित कागदाच्या घडीत, वरच्या खणात ठेवा. जमिनीलगतच्या कपाटात कसर आधी पोचते, आणि कसरीला कागदाची खळ फार आवडते. डांबराच्या गोळ्या प्रिंटला लागून ठेवू नका. सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्यात तर महिन्याला बदला, नाहीतर त्याच ओल धरून बसतात.

प्रत्येक प्रिंटला वहीचं एक पान. तारीख, विकणारा, किंमत, प्रत क्रमांक, प्रेस, रंग किती, आणि भिंगाखाली दिसलेली एखादी ओळखीची खूण. ३१ नंबरच्या पानावर "धोतराच्या काठाला पिवळा डोकावतो" एवढंच आहे, पण ही प्रत चोरीला गेली किंवा कधी विकली, तर बिलापेक्षा त्या ओळीवरून ती लवकर ओळखू येईल. बिल आणि प्रमाणपत्र वहीतच चिकटवू नका, प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये वेगळं ठेवा. प्रिंट तुमची झाली तरी चित्राचा कॉपीराइट तुमचा होत नाही, हेही त्या पानावर लिहून ठेवलेलं बरं. भाचीच्या लग्नपत्रिकेवर ते चित्र छापायची विनंती आमच्या घरात एकदा येऊन गेली आहे.

पाऊस ओसरला की दसऱ्याच्या आधीच्या रविवारी सगळ्या फ्रेम भिंतीवरून उतरवतो, मागची बाजू बघतो, कोरड्या मऊ ब्रशने धूळ झाडतो. डाग दिसला तर फ्रेम त्याच दिवशी उघडतो, पुढच्या रविवारवर ढकलत नाही. दसऱ्याला पाटावर हातोडी, पकड आणि गाडीची किल्ली मांडतात, तिथे आमच्याकडे भिंगही असतं. हळदकुंकू त्याच्या डबीला लावायचं, काचेला नाही.